वाचक विचारतात : मनातून न जाणारी पुस्तके

प्रश्न : गुहागर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाचे काम निवृत्तीनंतर मी अंगावर घेतले आहे. यंदा थोडी देणगी मिळाली आहे. नुसती कपाटे भरण्यापेक्षा, वाचकाच्या मनात कायम राहतील अशी मोजकी पुस्तके घ्यावीत, असे समितीचे मत आहे. कोकणातली असल्यास उत्तम. पण केवळ कोकणातली म्हणून नकोत. काय सुचवाल?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : तुमची शेवटची अट मला विशेष आवडली. नारळी-पोफळीची आगरे, कौलारू घर आणि चार मालवणी वाक्ये आली की आपल्याकडे पुस्तकाला ‘अस्सल कोकणी मातीतले’ म्हणून मान मिळतो, आणि वर्षभराने त्यातले एकही माणूस आठवत नाही. माझ्या मते जे पुस्तक आपल्या माणसांचा निवाडा स्वतः न करता तो वाचकावर सोपवते, तेच मनात टिकते. लेखकाने दुष्टाला शिक्षा आणि सज्जनाला फळ देऊन हिशेब चुकता केला की वाचकही मोकळा होतो. हिशेब उघडा राहिला, तर तो पुढे कित्येक वर्षे वाचकच करत बसतो.

या कसोटीवर श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ मी सर्वांत आधी घेईन. १९८७ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेली ही कादंबरी जगबुडी नदीच्या काठावरील एका खोत घराण्याच्या चार पिढ्या उभ्या करते. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा खोत हा एकाच वेळी गावाचा आधारही असे आणि गावाच्या मानेवरचे जूही असे. १९४९ च्या कायद्याने खोती संपली तरी ज्यांच्या घरात तिच्या आठवणी आहेत, मग ते घर खोताचे असो वा कुळाचे, त्यांना या कादंबरीतील माणसांवर सरसकट प्रेमही करता येत नाही आणि त्यांचा सरसकट तिरस्कारही करता येत नाही. दुसऱ्या खंडात कथा काही ठिकाणी पसरते, हे मान्य करूनही माझा आग्रह कायम आहे. मात्र दोन्ही खंडांच्या दोन-दोन प्रती घ्या, कारण पहिला खंड संपवलेला वाचक दुसरा परत येण्याची वाट पाहत बसत नाही. तो ग्रंथपालाशी भांडतो.

त्यानंतर दोन पुस्तके मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवीन. गो. नी. दांडेकरांच्या ‘पडघवली’त अंबावहिनी आपल्या गावाची कथा सांगते. माणसे मुंबईकडे निघून जातात, घरे ओस पडतात, रीतिभाती मोडतात, आणि ते सारे एका घरंदाज बाईच्या डोळ्यांसमोर घडत राहते. उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ हे आत्मकथन २००३ साली आले. रत्नागिरीजवळच्या त्यांच्या गावातील दलित बायका डोक्यावर लाकडाचे, गवताचे भारे घेऊन डोंगर तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला जातात, आणि घरी आईचे हात बांबूच्या टोपल्या विणण्यात गुंतलेले असतात. दोन्ही पुस्तकांचा किनारा एकच, पाऊस तोच, तरीही ‘पडघवली’ वाचून गाव मोडल्याचे दुःख झालेल्या वाचकाला ‘आयदान’ वाचल्यावर प्रश्न पडतो की, ते गाव मुळात कोणाकोणाचे होते. दोन्हींपैकी एकच पुस्तक वाचणाऱ्याला अर्धेच कोकण कळते, असे मी म्हणेन. दोन्ही वाचणाऱ्याला ते पूर्ण कळते, असाही माझा दावा नाही.

हमीद दलवाई यांची ‘इंधन’ (१९६५) ही छोटी कादंबरी अनेक वाचनालयांत नसते, हे आश्चर्य आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या या लेखकाने, बऱ्याच वर्षांनी गावी परतलेल्या एका माणसाच्या नजरेतून हिंदू, मुसलमान आणि नवबौद्ध यांच्यातला ताण कसा हळूहळू पेटत जातो, हे दाखवले आहे. ती कोणाचीच बाजू घेत नाही, म्हणून प्रत्येकाला थोडी बोचते. समितीत कोणी कुरकुर केली, तरी ती घ्याच.

आणि विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. पेण तालुक्यातील वरसईचे हे भटजी डोक्यावरचे कर्ज फेडायला पैसा हवा म्हणून, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याचे ऐकून १८५७ साली घराबाहेर पडले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते प्रत्यक्ष शहरात होते. इतिहासातील शूरांची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. येथे मात्र दक्षिणेच्या पैशाची चिंता असलेला, जिवाला घाबरणारा, लुटला जाणारा एक साधा माणूस बोलतो आणि त्यामुळेच त्याच्यावर विश्वास बसतो. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली संपादित करून छापलेले हे पुस्तक मोठ्याने वाचण्यास फार चांगले आहे. आपल्याकडे चातुर्मासात घरोघर पोथी लावण्याची रीत आहे. तुमच्या वाचनालयाने पावसाळ्यातील संध्याकाळी या पुस्तकाचे रोज थोडे वाचन ठेवल्यास, एरवी पुस्तकाला हात न लावणारी मंडळीही येऊन बसतील.

प्रश्न : २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या पुराचे पाणी घरात शिरले आणि माझी बहुतेक पुस्तके गेली. आता पुन्हा घेताना सुरुवात कोणत्या पुस्तकांपासून करावी?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : त्याच पुरात तुमच्या शहरातील, १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचेही मोठे नुकसान झाले होते, त्यामुळे हे दुःख तुमच्या एकट्याचे नाही, हे तुम्ही जाणताच. माझी सूचना अशी की, कोणाचीही यादी, अगदी या सदरातलीही, समोर न ठेवता गेलेल्या पुस्तकांपैकी कोणती आठवतात ते कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर त्यातील एखादा प्रसंग किंवा एखादे माणूस लिहिता येते का, ते पाहा. नुसते नाव आठवले, तर ते पुस्तक वाचनालयातून आणून वाचता येईल. प्रसंग आठवला, तर ते विकत घ्या. ज्यांच्यावर तुमच्या हातची टिपणे होती ती प्रथम घ्या आणि लगेच पुन्हा वाचा, म्हणजे निदान काही टिपणे तरी परत उमटतील.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. ‘श्यामची आई’ तिला रडके आणि उपदेश करणारे वाटते. आग्रह धरावा का?
— एक आई, अलिबाग

उत्तर : आग्रह धरू नये, पण पुस्तक तिच्या हाती वेगळ्या वाटेने द्यावे. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात हे लिहिले आणि तेव्हापासून आपण त्यातून संस्कारांचे उतारे काढत आलो. पायाला घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या श्यामला मनाचेही तसेच जपायला सांगणारा प्रसंग प्रत्येक पिढीने पाठ्यपुस्तकासारखा ऐकला आहे. वस्तुतः पालगडच्या एका खात्यापित्या घराला कर्जाने कसे पोखरले, याची ही कथा आहे. सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान, आजारी आईने दुसऱ्यांच्या घरी केलेली कामे, आणि हे सारे पाहणारा, कधी हट्टी, कधी भित्रा असा मुलगा, हे तिला आधी भेटू द्या. बेचाळीस रात्री क्रमाने वाचल्याच पाहिजेत असे नाही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारते, तो प्रसंग तिला प्रथम वाचून दाखवा, आणि आईचे बरोबर होते की चूक, हे तिलाच ठरवू द्या. ती चूक म्हणाली, तरी तिला समजावण्याच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : वाचून झोप उडावी असे काही मराठीत आहे का? भुताखेतांच्या गोष्टी नकोत.
— एक विद्यार्थी, मालवण

उत्तर : चिं. त्र्यं. खानोलकर. ‘कोंडुरा’ (१९६६) वाचा. वेंगुर्ल्याजवळच्या किनाऱ्यावर त्या नावाची जागा खरोखर आहे, पण तेथे जाण्याची घाई पुस्तक संपेपर्यंत करू नका. नंतर ‘चानी’ घ्या. भीती भुतांची नसून गावाची असते, हे तुम्हाला त्यात दिसेल.

प्रश्न : मी रत्नागिरीत नोकरी करतो. उत्साहाने जाडजूड कादंबऱ्या आणतो, पन्नास पाने वाचून सोडतो, आणि जे पूर्ण होते तेही आठ दिवसांत विसरतो. दोष माझ्या स्मरणशक्तीचा आहे का?
— एक तरुण वाचक

उत्तर : दोष बहुधा निवडीचा आणि घाईचा आहे. तुमच्या शहरात १८२८ साली स्थापन झालेले, राज्यातील सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक असे नगर वाचनालय आहे. तेथे जाऊन जाड पुस्तकांकडे वर्षभर पाठ फिरवा. जयवंत दळवी यांचे ‘सारे प्रवासी घडीचे’ घ्या. त्यातील प्रत्येक माणूस थोड्या पानांत येतो आणि जातो, आपण हसतो, आणि हसता हसता ती सगळी माणसे हळूहळू संपत चालली आहेत हे उशिरा लक्षात येते. त्यानंतर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचा. ती माणदेशातली आहे, पण कोकणाबाहेरचे चालणार नाही, असे तुम्ही म्हटलेले नाही.

तिसरे विश्राम बेडेकर यांचे ‘रणांगण’ घ्या. १९३९ साली प्रसिद्ध झालेली ही लहानशी कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या एका बोटीवर घडते. त्या बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत, मायदेशी परतणारे भारतीय आहेत, आणि हेर्टा व चक्रधर यांना एकमेकांसाठी मिळालेला वेळ फक्त प्रवासापुरता आहे. चक्रधर तिच्याशी जसा वागतो, ते क्षम्य आहे का, याचे उत्तर मी आजवर दोन वेगवेगळ्या प्रकारे दिले आहे. एका दिवसात संपवता येईल इतके ते छोटे आहे, तरी तसे करू नका. चार-पाच रात्री द्या, आणि ते संपल्यावर लगेच दुसरे पुस्तक उघडू नका. प्रारंभी प्रवाशांची गर्दी गोंधळात टाकील, तेवढी सोसा.