जास्त ड्रमर ऐकले की स्वतःची शैली घडते, की नुसती नक्कल होते?

ड्रम शिकताना कोणाला ऐकावं, असं तुम्ही विचारलंत. त्या प्रश्नात एक वाक्य आहे. कोणीतरी तुम्हाला सांगितलं की टोटो बँडचा ड्रमर जेफ पोर्कारोने 'रोझाना' गाण्याचा ग्रूव्ह, म्हणजे ठेका, बर्नार्ड पर्डी आणि लेड झेपलिनचा जॉन बॉनम या ड्रमरांकडून ढापला, आणि तुम्हीही इतकं ऐकत बसलात तर तुमचंही तेच होईल. या 'ढापला' प्रकरणावरून मी इतक्यांशी इतक्या वेळा भांडलोय की मूळ प्रश्न बाजूला राहिला तर आधीच माफी मागतो.

पहिली गोष्ट, ढापणारा माणूस गप्प बसतो. पोर्कारोने ड्रम शिकवण्याच्या व्हिडिओत स्वतः हिशेब मांडून दाखवलाय: हाताचा हाफ-टाइम शफल (तिनाच्या लयीत डोलणारा, मोठा ठोका निम्म्या वेगाने पडणारा ठेका) पर्डीचा, शिवाय बॉनमचा 'फूल इन द रेन'मधला ठेका, आणि पायात रॉक-अँड-रोल गिटारिस्ट बो डिडलीचा ठेका. तीन उधाऱ्या, तिन्ही नावानिशी. 1982 च्या त्या गाण्याला पुढे रेकॉर्ड ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं, तरी त्याने उधारी लपवली नाही. आता या तीन गोष्टी एकत्र वाजवल्या की काय होतं ते बघू. म्हणजे 'ढापणं' किती सोपं असतं ते कळेल.

चार मात्रांचा एक बार घ्या, प्रत्येक मात्रेत तीन घरं, एकूण बारा. उजवा हात हाय-हॅटवर (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) 1, 3, 4, 6, 7, 9, 10, 12. म्हणजे प्रत्येक त्रिकुटातलं मधलं घर रिकामं. ते डाव्या हाताने भरायचं, स्नेअरवर (खाली तारा असलेल्या छोट्या ड्रमवर), अगदी हलकं: 2, 5, 8, 11. या झाल्या घोस्ट नोट्स. आणि बॅकबीट, म्हणजे स्नेअरवरचा मोठा ठोका, तिसऱ्या मात्रेवर, 7 व्या घरात. हा सांगाडा पर्डीचा. स्टीली डॅन या बँडच्या 1977 च्या 'होम ॲट लास्ट'मध्ये आणि 1980 च्या 'बॅबिलॉन सिस्टर्स'मध्ये तो ऐका.

कागदावर सोपं दिसतं. मेख 7 आणि 8 मध्ये आहे. एरवी डाव्या हाताला दोन ठोक्यांत दोन-तीन घरांचं अंतर मिळतं, इथे मात्र बॅकबीट पडल्या पडल्या लगेच पुढच्या घरात घोस्ट नोट आहे. मिनिटाला 170 च्या आसपासच्या लयीत हे अंतर सेकंदाच्या आठव्या भागाहूनही कमी भरतं. एवढ्या वेळात पूर्ण ताकदीच्या ठोक्यानंतर कुजबुज वाजवायची. बहुतेकांचं इथे दोनपैकी एक होतं. एकतर 8 वं घर गाळलं जातं, मग ठेका ऐकायला बरा लागतो पण त्यातलं लोळणं निघून जातं. नाहीतर बॅकबीटनंतर काठी उसळून वर जाते आणि 8 व्या घरातली नोट बॅकबीटएवढीच मोठी पडते. मग तो शफल न राहता दाराची कडी वाजल्यासारखा लागतो.

इलाज मनगटात आहे. बॅकबीट सुमारे एक वीत उंचीवरून मारा, पण मारल्यावर काठी उसळू देऊ नका. मागची बोटं मिटून तिला पडद्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर अडवा आणि तिथूनच पुढची टिचकी टाका. घोस्ट नोटची उंची तेवढीच, त्याहून जास्त नाही. पुढचा बॅकबीट येण्याआधी हात वर न्यायला 11 व्या आणि 2 ऱ्या घराच्या मधली जागा वापरायची नाही. पुढच्या बारच्या 5 व्या घरातली टिचकी मारता मारताच हात उचलायचा. हे कळेपर्यंत हात कायम उशिरा पोचतो आणि आपण दोष पायाला देतो.

सराव असा करा. हाय-हॅट बाजूला ठेवून फक्त डावा हात, 2, 5, 7, 8, 11, मेट्रोनोमची क्लिक मिनिटाला 70 वर. मग उजवा हात. मग किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) फक्त 1 वर. क्लिक एका वेळी चारने वाढवा, आणि 8 वं घर जिथे मोठं व्हायला लागतं त्या आकड्याला थांबा. तो तुमचा आजचा आकडा, त्याच्या वर वाजवलेलं सगळं चुकीची सवय पक्की करणारं. स्नेअरच्या खालच्या तारा फार सैल असतील तर घोस्ट नोट्सचा चिखल होतो, आणि फार आवळल्या तर त्या ऐकूच येत नाहीत. आधी हात नीट करा, मग तारांना हात लावा.

आता पाय. बो डिडलीचा ठेका म्हणजे तीन-दोनची क्लेव्ह, आधी तीन आणि मग दोन ठोक्यांचा नमुना. 1955 मध्ये त्याच्या पहिल्या रेकॉर्डवर तो आला तेव्हा त्यातला अर्धा जीव माराकासमध्ये (खुळखुळ्यांत) होता. शफलच्या घरांत तो दोन बारभर पसरतो: पहिल्या बारमध्ये 1, 6, 10 आणि दुसऱ्यात 4, 7. दुसऱ्या बारच्या 7 वर बॅकबीट आहेच, म्हणून तिथे पायाचा ठोका गाळा. गंमत बघा, यातला एकही ठोका घोस्ट नोटच्या घरात पडत नाही. पायाचा प्रत्येक ठोका हाय-हॅटबरोबरच येतो, म्हणून तीन वेगळ्या घराण्यांच्या गोष्टी एकमेकांना न तुडवता राहतात. हे योगायोगाने जमत नाही, कानाला आधी दिसावं लागतं.

चुकतं कुठे? दुसऱ्या बारची सम रिकामी आहे. पाय सवयीने तिथे 1 मारतोच, आणि मारला की दोन बारांचा ठेका एका बारचा होऊन बसतो. तबला शिकलेल्यांना हे लवकर जमतं असं माझं मत आहे, कारण समेवर न आदळता सम मनात धरून ठेवायची त्यांना सवय असते. बाकीच्यांनी रिकाम्या समेवर तोंडाने 'हं' म्हणावं. हसू येईल, पण पाय ऐकतो. हा सांगाडा बसला की मग रेकॉर्ड लावून पायाच्या जादा नोट्स कानाने शोधा.

बॉनमचं काय घेतलं? माझ्या कानाला वजन. 'फूल इन द रेन' 1979 चं. तिथे तोच शफल, पण 26 इंची किकवर वाजवणाऱ्या माणसाच्या हातचा, आणि बॅकबीट मागे टेकून बसलेला. हाय-हॅट मध्येच उघडून चटकन मिटवायची त्याची लकब मात्र पोर्कारोने आपल्या ठेक्याची ओळख होऊ दिली नाही. शैली बघायची तर इथे बघा: कोणाकडून काय घेतलं यापेक्षा, घेताना काय मागे ठेवलं.

आणि पर्डी त्याच्यासाठी दुरून ऐकलेलं नाव नव्हतं. स्टीली डॅनच्या 1975 च्या अल्बममधला जवळजवळ सगळा ड्रम पोर्कारोचाच आहे. ज्या बँडमध्ये आपण वाजवलं तिथे दोन वर्षांनी दुसऱ्याने काय केलं हे ऐकणं आणि नुसता चाहता म्हणून ऐकणं यात फरक असतो.

कोणाला ऐकावं, हा तुमचा खरा प्रश्न. यादी मी देणार नाही, कारण याद्या वाचून लोक ड्रमरच ऐकत बसतात. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स जॅझमधून आला. जॅझ ड्रमर चिको हॅमिल्टनचं ब्रशने वाजवणं ऐकून त्याने बँजोची मान काढून उरलेल्या गोल भागाचा स्नेअर केला होता. 'द पोलीस' बँडच्या स्टुअर्ट कोपलंडचं बालपण कैरो आणि बैरूतमध्ये गेलं, मग त्यात रेगे मिसळला. त्याची हाय-हॅट ऐकली की हे सांगावं लागत नाही. नायजेरियाच्या टोनी ॲलनच्या हातात हायलाइफ (पश्चिम आफ्रिकेतलं नाचाचं संगीत) आणि जॅझ दोन्ही होतं. त्रिलोक गुर्टू आधी तबल्यावर बसला, आई गायिका शोभा गुर्टू, आणि पुढे ड्रमही त्याने जमिनीवर बसून वाजवायला घेतले. बसायची पद्धतसुद्धा प्रभावच असते, हातांचे कोनच बदलतात.

तुम्ही एवढंच करा: आवडलेला एकच ठेका घ्या, वेग 70 टक्क्यांवर आणा, काठ्या न धरता आधी तोंडाने म्हणा. मग हात, पाय आणि ठोका पुढे पडतो की मागे, असे त्याचे तीन तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा त्या वाजवणाऱ्याने कोणाकडून घेतला असेल ते एक पिढी मागे जाऊन शोधा. स्वतःचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त डाव्या हाताकडे लक्ष द्या. एका ठेक्याला महिना लागला तरी चालेल.

'आधी दोन वर्षं रुडिमेंट्स, गाणी नंतर' म्हणणारे मास्तर मला अजिबात पटत नाहीत. रुडिमेंट्स म्हणजे काठ्यांचे मूळ धडे, पॅराडिडल त्यातलाच एक. गाणंच न ऐकलेल्या हाताला पॅराडिडल कुठे घालायचा हे कोण सांगणार? पण हेही खरं की वर सांगितलेला अडवलेला ठोका ज्याला येत नाही त्याने हा शफल वाजवू नये, आणि तो ठोका रुडिमेंट्समध्येच शिकवतात. तेव्हा मास्तर अगदीच चुकीचे नाहीत, क्रम चुकीचा आहे. मनगट दुखलं तर मात्र त्या दिवसापुरतं थांबा. दुखतंय म्हणजे बोटांऐवजी दंडाने अडवताय.

सगळा हिशेब उजव्या हाताने हाय-हॅट वाजवणाऱ्याचा आहे. डावखुरे असाल आणि किट उलटं मांडत असाल तर हात उलटे वाचा, घरांचे आकडे तेच.