मेक्सिकोतली पहिली महिला गव्हर्नर कोण आणि ती तिथवर कशी पोहोचली?

ग्रिसेल्दा आल्वारेस. कोलिमा या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या चिमुकल्या राज्याच्या त्या १९७९ ते १९८५ गव्हर्नर होत्या.

जन्म १९१३, ग्वादालाहाराचा. राजकारण घरातच होतं, वडील आणि पणजोबा दोघेही कोलिमाचे गव्हर्नर. पण म्हणून वाट सोपी होती असं मला वाटत नाही. मेक्सिकोत स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्कच मिळाला १९५३ साली, म्हणजे तेव्हा ग्रिसेल्दा चाळीस वर्षांच्या होत्या! त्या शिक्षिका आणि कवयित्री. सॉनेट हा त्यांचा आवडता प्रकार. १९७६ मध्ये तेव्हाच्या सत्ताधारी पीआरआय पक्षाकडून हालिस्को राज्याच्या सिनेटर झाल्या आणि तीनच वर्षांत कोलिमाची धुरा हाती आली, वयाच्या ६६व्या वर्षी. शिक्षणावर त्यांचा भर राहिला, ते शिक्षिकेला साजेसंच.

तिथे गव्हर्नर म्हणजे आपल्यासारखा नेमलेला राज्यपाल नव्हे. तो थेट लोकांनी निवडलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार पाहणारा. मुदत सहा वर्षं, तीही एकदाच.

१९९६ मध्ये सिनेटचं बेलिसारियो दोमिंगेस पदक त्यांना मिळालं. २००९ मध्ये त्या गेल्या.