ग्रिनेलच्या नामवंतांची यादी कशी वाचायची, आणि त्या बी.ए.चं काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजात प्रवेश मिळालाय, कॉम्प्युटर सायन्स करायचंय, पण हातात पडणार बी.ए. घरच्यांचं म्हणणं 'बी.ए. करायला अमेरिकेला कशाला?', तर कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांत इंटेलचा संस्थापक, नोबेलविजेता, जॅझचा दिग्गज आणि सुदानचा उपराष्ट्राध्यक्ष. मग ही यादी किती मनावर घ्यायची?

यादी खरी आहे, पण आधी गाळून घ्या. हॉलिवूडचा नट गॅरी कूपर १९२२ ते २४ ग्रिनेलमध्ये होता, तोही चित्रकलेच्या ओढीने. नाट्यमंडळात त्याला घेतलंच नाही, आणि पदवी न घेताच तो निघून गेला. 'स्टार ट्रेक'मधला चेकॉव्ह, म्हणजे वॉल्टर कोनिग, इथून लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात गेला आणि पदवी तिथून घेतली. अमेरिकन कॉलेजं अशा सगळ्यांना आपलं म्हणतात, त्यात लबाडी नाही, तिकडची रीतच तशी आहे. फक्त प्रत्येक नावापुढे 'पदवी घेतली का, कोणत्या विषयात, आणि नंतरची पाच-सात वर्षं काय केलं' हे तीन रकाने आखा. खरी माहिती तिसऱ्या रकान्यात मिळते.

इंटेलच्या रॉबर्ट नॉइसचंच बघा. १९४९ ची बॅच, विषय भौतिकशास्त्र आणि गणित. गावातल्याच धर्मोपदेशकाचा मुलगा. १९४८ मध्ये हवाईयन पार्टीसाठी पोरांनी एक डुक्कर पळवलं, त्यात हा पुढे. आयोवासारख्या शेतीच्या राज्यात जनावर चोरणं म्हणजे गंभीर गुन्हा, पण भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल आणि कॉलेजचे अध्यक्ष मध्ये पडले म्हणून प्रकरण एका सत्राच्या निलंबनावर भागलं. ते सत्र त्याने न्यूयॉर्कमध्ये विमा कंपनीत आकडेमोड करत काढलं. परत आला तेव्हा गेल यांनी बेल लॅबमधून (टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था, ट्रान्झिस्टरचा शोध तिथलाच) ट्रान्झिस्टर मिळवले होते. शोध लागून जेमतेम वर्ष होत होतं. गेल यांची शोधकर्त्यांपैकी जॉन बार्डीन यांच्याशी ओळख होती, आणि बेल लॅबचे तेव्हाचे अध्यक्ष ऑलिव्हर बकली ग्रिनेलचेच पदवीधर. मक्याच्या शेतांमधल्या छोट्या कॉलेजात ही वस्तू हाताळायला मिळाली ती अशी. पण नॉइस त्या बी.ए.वर थांबला नाही. १९५३ मध्ये एमआयटीची पीएच.डी., मग ट्रान्झिस्टरच्या शोधकर्त्यांपैकीच एक असलेल्या शॉकलीची प्रयोगशाळा, १९५७ ला फेअरचाइल्ड कंपनी, १९५९ ला इंटिग्रेटेड सर्किट (म्हणजे चिप), १९६८ ला इंटेल.

टॉमस चेकचंही तसंच. १९७० ला ग्रिनेलची रसायनशास्त्राची पदवी, १९७५ ला बर्कलीची पीएच.डी., पेशीतला आरएनए हा रेणू स्वतःच उत्प्रेरकाचं काम करू शकतो या शोधासाठी १९८९ चं नोबेल. त्यांनी १९९९ मध्ये एक निबंध लिहिला, तो मुलीला जरूर शोधून वाचायला लावा. त्यांचा मुद्दा असा की पदवीधरांच्या प्रमाणात पाहिलं तर चांगली लिबरल आर्ट्स कॉलेजं (ग्रिनेलसारखी, एकाच विषयात न अडकवता अनेक विषय शिकवणारी छोटी कॉलेजं) मोठ्या संशोधन विद्यापीठांपेक्षा जास्त विज्ञानातले पीएच.डी. घडवतात. कारण साधं आहे. ग्रिनेलमध्ये विद्यार्थी १७०० च्या आसपास, आणि पदव्युत्तर वर्ग नाहीतच. प्रयोगशाळेत प्राध्यापकाला मदतीला हात हवे असतील तर ते पदवीच्या मुलांचेच. शिकवणं ज्यांच्यावर ढकलावं असे पदव्युत्तर सहायकही नाहीत. अर्थात तिथे येणारी मुलंही निवडूनच आलेली असतात, त्यामुळे सगळं श्रेय कॉलेजला देऊ नका.

तेव्हा एक गोष्ट घरात आधीच ठरवा: ही पदवी बहुतेकांसाठी पहिला टप्पा असते. वकिली आणि डॉक्टरकी तर अमेरिकेत पदवीनंतरच सुरू होते. जोसेफ वेल्च १९१४ चे ग्रिनेलचे, नंतर हार्वर्ड लॉ. १९५४ च्या सुनावणीत, जिथे तिथे कम्युनिस्ट हुडकणाऱ्या सिनेटर मॅकार्थींना 'तुम्हाला काही चाड उरली आहे का' असं विचारणारे लष्कराचे वकील ते हेच. पुढे १९५९ मध्ये ऑटो प्रेमिंजरच्या चित्रपटात न्यायाधीशाची भूमिकाही केली! डॉक्टरकीचं म्हणाल तर भारतीय नागरिकत्वावर अमेरिकन मेडिकल कॉलेजात शिरकाव फार अवघड, बरीच कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. मुलीच्या मनात तसा काही विचार असेल तर तो आत्ताच बाहेर काढा.

ओळखीपाळखींचा उपयोग होतो का, हेही तुम्ही विचारलंय. होतो, पण लोकांना वाटतो तसा नाही. उत्तम उदाहरण हॅरी हॉपकिन्स (१९१२) आणि हॅली फ्लॅनगन (१९११) यांचं. हॉपकिन्स पदवीनंतर थेट न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत समाजकार्याला गेले. वीसेक वर्षांनी, मंदीच्या काळात, रूझवेल्ट यांनी बेकारांना काम देण्याची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवली. १९३३-३४ च्या एका हिवाळ्यात त्यांनी ४० लाख लोकांना काम दिलं. बेकार नटांसाठी सरकारी नाट्ययोजना काढायची ठरली तेव्हा १९३५ मध्ये त्यांनी बोलावलं ते फ्लॅनगन यांना, कारण ग्रिनेलपासून ओळख होती आणि मधल्या काळात त्यांनी व्हॅसार कॉलेजात नाटकात मोठं काम करून दाखवलं होतं. (याच फ्लॅनगन यांना १९३८ मध्ये संसदेच्या समितीसमोर एका सदस्याने विचारलं की हा ख्रिस्तोफर मार्लो कम्युनिस्ट आहे का. मार्लो शेक्सपिअरच्या काळातला.) वर्गातली ओळख कामी आली ती वीस वर्षांनी, आणि दोघांनी स्वतंत्रपणे नाव कमावल्यावर. पहिल्या नोकरीचं गणित या भरवशावर मांडू नका.

आता कॉम्प्युटर सायन्स. इथे काय अडतं ते नीट समजून घ्या. पदवीला १२४ क्रेडिट लागतात, बहुतेक कोर्स ४ क्रेडिटचे, म्हणजे साधारण ३१ कोर्स. सक्तीचा एकच, पहिल्या सत्रातला ट्युटोरियल (छोट्या गटाचा वर्ग). बाकी मोकळीक, पण एका विभागातले ४८ च क्रेडिट १२४ मध्ये धरले जातात. म्हणजे कॉम्प्युटरचे मोजले जाणारे कोर्स जास्तीत जास्त बारा. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगला चारही वर्षं तोच विषय असतो, तसं इथे होणार नाही. शिवाय हे कोर्स एकाला एक जोडलेले आहेत: कोर्स क्रमांक १५१, मग १६१, मग २०७, मग ३०१. १५१ हा स्कीम कुळातल्या प्रोग्रॅमिंग भाषेत चालतो, त्यामुळे बारावीला पायथन किंवा सी++ येणारी मुलंही सुरुवातीला गोंधळतात. पहिल्या वर्षी 'आधी जरा इकडचं तिकडचं घेऊन बघू' म्हणून १५१ पुढे ढकललं, आणि तिसऱ्या वर्षी एक सत्र परदेशात काढलं (ग्रिनेलची निम्म्याहून जास्त मुलं जातात), तर चौथ्या वर्षी सगळं अंगावर येतं. १५१ आणि गणित पहिल्या वर्षीच घ्यायला सांगा.

दुसरा विषय मात्र बिनधास्त घेऊ द्या. कराचीत वाढलेला विनोदी अभिनेता आणि पटकथाकार कुमेल नानजियानी २००१ चा, कॉम्प्युटर सायन्स आणि तत्त्वज्ञान. जॅझचा दिग्गज हर्बी हॅनकॉक आला तो इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तयारीने आणि वळला संगीताकडे. पुढे सिंथेसायझर हाताळताना जुना नाद उपयोगी पडलाच. यादीतले सुदानचे उपराष्ट्राध्यक्ष जॉन गरांग यांनी अर्थशास्त्र केलं, मग आयोवा स्टेटमधून कृषी अर्थशास्त्रात पीएच.डी., आणि २००५ चा सुदानचा शांतता करार.

'बी.ए.' या अक्षरांचा बाऊ मात्र करू नका. व्हिसाच्या दृष्टीने ती बघितली जात नाहीत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर १२ महिने काम करता येतं, आणि विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. हे ठरतं आय-२० वर (कॉलेज व्हिसासाठी देतं तो कागद) छापलेल्या सीआयपी कोडवरून, म्हणजे विषयाच्या सरकारी क्रमांकावरून. कॉम्प्युटर सायन्सचा ११.०७०१ यादीत आहे. अर्थशास्त्राचं मात्र जपून: साधा ४५.०६०१ यादीत नाही, संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३ आहे. मुलगी विषय बदलणार असेल तर कॉलेज कोणता कोड लावतं ते आधी विचारा. नियम बदलत असतात, तेव्हा शेवटचा शब्द तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा.

नामवंतांच्या यादीपेक्षा करिअर कार्यालयाचा पदवीनंतर सहा महिन्यांचा अहवाल मागवा आणि त्यात तीन गोष्टी बघा. एकूण पदवीधरांपैकी कितींची माहिती मिळाली? (समजा ९५ टक्के 'मार्गी लागले' असं लिहिलंय, पण माहितीच ६० टक्क्यांची असेल, तर तो आकडा पोकळ.) परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा दिलाय का? आणि 'नोकरी'त अर्धवेळ कामं धरली आहेत का? अहवालात नसेल तर ईमेल करा, छोट्या कॉलेजात उत्तर येतं.

आणि हो, प्रवेश पक्का झाला की ट्युटोरियलचे पसंतीक्रम भरायला सांगतील. मुलं विषयाचं आकर्षक नाव बघून भरून टाकतात. जो प्राध्यापक ट्युटोरियल घेतो तोच मुख्य विषय ठरेपर्यंत तिचा सल्लागार असतो, कोर्स निवडताना त्याच्याशीच बोलावं लागतं. तेव्हा नावाबरोबर शिकवणारं कोण आहे, कोणत्या विभागाचं आहे, तेही बघून क्रम लावा.