गाडीत लाल कूलंट आहे, गॅरेजवाले हिरवं टाकतो म्हणतात. चालेल का?

तुम्ही कराडचे, गाडी आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, जपानी कंपनीची. टाकीतलं गुलाबीसर लाल कूलंट (इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात ते द्रव) खालच्या खुणेच्याही खाली गेलंय आणि गॅरेजमध्ये "हिरवं टाकू, सगळं एकच असतं" असं ऐकायला मिळालं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग नुसतं पाणी का चालू नये, हेही तुम्ही विचारलंय. मी सांगलीत गाड्यांचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी पाण्याचं. थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणूनही कूलंट घालतात, त्या बर्फाशी आपला संबंध नाही हे खरं, पण कूलंट आपल्याला लागतं ते पाणी उकळू नये आणि इंजिन आतून गंजू नये म्हणून. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथं उघड्या भांड्यातलं पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं, आणि बऱ्याच गाड्यांचा रेडिएटरचा पंखा जवळपास त्याच तापमानाला सुरू होतो. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं म्हणून एरवी निभावतं. पण झाकणाचं रबर कडक झालं असेल, आत नुसतं पाणी असेल आणि मे महिन्यात एसी लावून चार माणसांनिशी पसरणी घाट चढत असाल, तर तापमानाचा काटा वर जायला वेळ लागत नाही. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उकळबिंदू १०७-१०८ अंशांवर जातो आणि चांगलं झाकण असेल तर १२८-१२९ च्या आसपास. म्हणून कूलंट बदलताना झाकणही बघाच. फार खर्चाची वस्तू नाही.

आता रंगाचं. रंग म्हणजे नुसता रंग. कुठल्या रंगात काय असावं असा नियम कुणी केलेला नाही, कंपनी तिला हवा तो रंग घालते. फरक असतो तो गंजरोधक रसायनांचा. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेटसारखी रसायनं असतात आणि ते साधारण दोन वर्षांत निकामी होतं. हिरवं म्हणून सर्रास विकलं जातं ते बहुतेक वेळा हेच. दुसऱ्या जातीत सेंद्रिय आम्लं असतात, ते पाच वर्षं किंवा जास्त टिकतं. तिसरी जात या दोन्हींच्या मधली, आणि तिच्यातही दोन वाटा आहेत. जपानी-कोरियन कंपन्या फॉस्फेट वापरतात आणि सिलिकेट टाळतात, कारण सिलिकेटने वॉटर पंपाचं सील झिजतं असा त्यांचा आक्षेप. युरोपियन कंपन्या फॉस्फेट टाळतात, कारण तिकडचं पाणी जड, आणि जड पाण्यातला चुना फॉस्फेटशी मिळून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतो.

हे शेवटचं वाक्य आपल्या भागाने लक्षात ठेवावं. कराड, वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या पट्ट्यात बोअरचं पाणी किती खारट-जड आहे हे घरातल्या गिझरची कॉईल बघितली की कळतं. तुमच्या गाडीत बहुधा फॉस्फेटवालंच कूलंट आहे. त्यात बोअरचं पाणी ओतणं हे चुकीचं कूलंट टाकण्याइतकंच वाईट, आणि ते जास्त वेळा घडतं. पोरगं नळी आणतं, टाकी भरतं, झालं. माझ्यासमोर येणाऱ्या तुंबलेल्या रेडिएटरांत आधी पाण्याचा दोष शोधावा लागतो, कूलंटचा नंतर. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन मिळतो, तोच वापरा.

लाल आणि हिरवं मिसळलं तर लगेच इंजिन जाईल असं नाही. पण दोन जातींची रसायनं एकमेकांना निकामी करतात, कधी कधी गाळ किंवा जेलीसारखा गोळा तयार होतो आणि तो नेमका हीटरच्या नळ्यांत किंवा थर्मोस्टॅटपाशी (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारी झडप) बसतो. तेव्हा गॅरेजला नाही म्हणा. पातळी थोडीच कमी असेल आणि योग्य कूलंट हाताशी नसेल तर थोडं डिस्टिल्ड वॉटर घाला, ते चुकीच्या कूलंटपेक्षा कितीतरी बरं.

कुठलं घ्यायचं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. तोच प्रकार घ्या, रंग जुळला नाही तरी चालेल. कॅनवर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ या कूलंटच्या मानकांपैकी काही छापलंय का बघा, आणि "रेडी टू यूज" (पाणी आधीच मिसळलेलं) आहे की कॉन्सन्ट्रेट (पाणी मिसळायचं बाकी असलेलं) तेही. रेडी टू यूजमध्ये पुन्हा पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट नुसतंच ओतायचं नाही, कारण उष्णता वाहून न्यायला पाणी जास्त चांगलं, निव्वळ कूलंटवर गाडी उलट जास्त तापते.

बदलण्याआधी एक तपासा. बंद टाकीतलं कूलंट असं सहज उडून जात नाही. आठ वर्षांत थोडं उतरलं तर ठीक, पण दोन-तीन महिन्यांत पुन्हा उतरत असेल तर होज, रेडिएटर, वॉटर पंप बघून घ्या. ऑइलची कांडी दुधाळ दिसली किंवा इंजिन गरम असतानाही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर आला, तर हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) शंका घ्या. तिथं नवीन कूलंट ओतून उपयोग नाही.

बदलायचं काम सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. गरम झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, म्हणून यात घाई नको. रेडिएटरच्या खाली ड्रेनचा बोल्ट असतो, लहान गाड्यांत तो प्लॅस्टिकचा, तेव्हा पान्याने आवळू नका, मोडतो. सगळं परातीत काढा. डिस्टिल्ड वॉटर भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन थोडं चालवा, गार झाल्यावर तेही काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. इंजिनच्या ब्लॉकमध्ये थोडं पाणी राहतंच, म्हणून कॉन्सन्ट्रेट घेतलं असेल तर आधी एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट ओता आणि उरलेली जागा पाण्याने भरा, म्हणजे प्रमाण बिघडत नाही. मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की बुडबुडे येतात आणि पातळी खाली जाते, तशी भरत राहा. हवा आत अडकली तर काटा उगाच वरखाली होतो.

काढलेलं कूलंट गटारात किंवा उसाच्या सरीत सोडू नका. कूलंटमधलं मुख्य रसायन, इथिलीन ग्लायकॉल, गोड लागतं, कुत्री चाटतात, आणि थोड्याशानेही त्यांचं मूत्रपिंड निकामी होऊन जीव जातो. लहान मुलांनाही तितकाच धोका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर "विष" असं लिहून ठेवा आणि जुनं ऑइल नेणाऱ्याला विचारून द्या.

दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना टाकीची पातळी बघा, थोडं घालावं लागेलच. कूलंटचा प्रकार आणि तारीख एका कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी हिरवा कॅन घेऊन आलं तर त्याला दाखवता येईल.