ओम्नीची पुढची काच घरी बसवायची असेल तर

२०११ची ओम्नी, विमा फक्त थर्ड पार्टी, खडी उडून पडलेला तडा आता खालच्या कडेपर्यंत पोचलाय आणि काचवाल्याने सांगितलेली रक्कम परवडत नाही. अशा वेळी घरच्या घरी काच बदलता येईल का, हा तुमचा प्रश्न. येईल, दोन माणसं आणि एक-दोन निवांत दिवस हाताशी असतील तर. पण हे उत्तर ओम्नीपुरतं धरा. अल्टो, वॅगनआर, स्विफ्टवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

फरक काच धरून ठेवण्याच्या पद्धतीत आहे. ओम्नी, जिप्सी, जुनी अॅम्बॅसॅडर, पद्मिनी यांची पुढची काच रबरी बीडिंगमध्ये बसते. बीडिंगला दोन खाचा असतात, एकीत काचेची कड, दुसरीत पत्र्याची. गोंदाचा संबंध नाही, त्यामुळे चुकलं तर काढून पुन्हा बसवता येतं.

तड्यात रेझिन भरून भागेल का, असंही मनात येईल. रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका असेल आणि तो ड्रायव्हरच्या नजरेसमोर येत नसेल, तर जरूर भरा. कडेला भिडलेला तडा मात्र रेझिनने थांबेल याचा भरवसा नाही. तिथे पैसे घालू नका.

खरेदीला जाताना काच, रबर आणि मजुरी यांचे भाव वेगवेगळे विचारा. घरी बसवून वाचते ती फक्त मजुरी. काच लॅमिनेटेडच हवी, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली. कोपऱ्यात आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा क्रमांक छापलेला असतो, तो बघून घ्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे जुनी काचही मिळते. रबरात बसणारी काच अखंड निघू शकते, त्यामुळे ओम्नीसाठी जुनी घेण्यात गैर काही नाही. फक्त ती उन्हात तिरकी धरून बघा. वायपरच्या अर्धगोल रेघा दिसल्या तर रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्यावर पसरतात. कडेला दुधाळ पांढरट पट्टा म्हणजे आतला थर सुटतोय. आणि कडेवरून बोट फिरवताना (हातमोजा घालून) टवका लागला तर ती काच परत ठेवा, कारण बसवताना तडा तिथूनच जातो.

काच जुनी चालेल, रबर नवंच घ्या. उन्हाने कडक झालेलं जुनं रबर आखडतं, कोपऱ्यात उघडं पडतं आणि पहिल्याच पावसात पाणी आत येतं. बाकी सामान किरकोळ आहे: चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉनची दोरी साधारण पाच मीटर, भांडी घासायचा लिक्विड साबण, कटर, तारेचा ब्रश, ८० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, जाड हातमोजे, चष्मा. सुतळी वापरू नका, ती रबरात अडकते आणि लिप, म्हणजे खाचेची पातळ कड, फाडते.

आधी वायपरचे आर्म काढा, पण ते काचेवर कुठे टेकतात त्या जागी टेपचा तुकडा लावून ठेवा. डॅशबोर्डवरच्या फटी वर्तमानपत्र आणि टेपने बंद करा. तिथे गेलेला काचेचा चुरा पुढे पंखा लावला की तोंडावर येतो. तड्यावर आडवा-उभा सेलोटेप मारा. बीडिंगमध्ये बाहेरून बारीक सजावटीची पट्टी असेल तर ती आधी ओढून काढा. मग बाहेरच्या बाजूने, कटर काचेला सपाट टेकवून, रबराची बाहेरची लिप सगळीकडून कापा. कटरचं टोक पत्र्याकडे वळवू नका. रंगावर पडलेल्या ओरखड्यातूनच पुढे गंज धरतो. आता एकाने आतून वरच्या कोपऱ्यापाशी दोन्ही तळव्यांनी ढकलायचं आणि दुसऱ्याने बाहेरून झेलायचं.

यानंतरच्या कामाला बहुतेक जण दहा मिनिटं देतात. द्यायला हवा एक दिवस. काचेखालची पत्र्याची कड, विशेषतः खालचे दोन कोपरे, ओम्नीत हमखास गंजलेले सापडतात. रबराखाली ओल धरून राहते आणि गंज वरून दिसत नाही. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, पत्रा चमकेपर्यंत. मग प्रायमर, त्यावर रंग, आणि पूर्ण वाळू द्या. ब्रश मारताना आरपार भोक पडलं तर एम-सील थापून वेळ मारून नेऊ नका, डेंटरकडून तेवढाच तुकडा वेल्ड करून घ्या. फुगलेला गंज तसाच ठेवला की पत्र्याची कड एका ठिकाणी जाड होते, काचेवर त्याच बिंदूला दाब येतो, आणि महिन्याभराने काही न लागता काच तडकते. मग लोक काचवाल्याला दोष देतात.

पत्रा तयार झाला की नवं रबर उन्हात किंवा गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. टेबलावर जाड चादर घालून काच आडवी ठेवा आणि रबर चढवा, आधी चारही कोपरे, मग मधल्या बाजू. सांधा असेल तर तो कोपऱ्यावर येऊ देऊ नका. रबर घसरू नये म्हणून पाच-सहा ठिकाणी मास्किंग टेपने काचेला धरून ठेवा. पत्र्यासाठीच्या खाचेत दोरी सगळीकडून दाबून बसवा. दोन्ही टोकं खाली मधोमध येतील आणि वीतभर एकमेकांवर राहतील असं बघा, टोकं गाडीच्या आतल्या बाजूला. खाचेत आणि पत्र्याच्या कडेवर साबणाचं पाणी भरपूर लावा. तेल, ग्रीस, पेट्रोल नको, रबर फुगतं आणि नंतर सीलंट धरत नाही.

काच बाहेरून जागेवर टेकवा, खालची बाजू आधी नीट बसवून. बाहेरचा माणूस तळव्यांनी दाबून धरतो, आतला दोरीचं एक टोक काचेच्या मध्याकडे ओढत जातो. दोरी निघते तशी रबराची आतली लिप पत्र्यावरून उलटून आत येते. एका वेळी वीतभरच ओढा, आणि जिथे दोरी चाललीय त्याच्या बरोबर समोर बाहेरून दाब हवा. खालची बाजू, मग दोन्ही उभ्या बाजू, शेवटी वर. दोरी अडली तर जोर लावू नका. तिथे लिप दुमडलेली असते किंवा काच पुरेशी आत गेलेली नसते. साबणाचं पाणी सोडा, बोथट प्लास्टिकच्या पट्टीने लिप उचला, मग ओढा. काच बसत नाही म्हणून मुठीने ठोकणं हा ती फोडण्याचा खात्रीचा मार्ग.

बसल्यावर साध्या पाइपने, कमी धारेने, खालून वर जात पाणी मारा. एक जण आत टॉर्च घेऊन बसेल. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे येतो आणि मूळ जागा कळत नाही. गळत असेल तर पूर्ण वाळवून तेवढ्याच जागी रबराच्या बाहेरच्या लिपखाली न घट्ट होणारं विंडशील्ड सीलंट भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तिथे घालू नका, त्यातलं अॅसिड पत्रा गंजवतं.

आता अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट आणि अलीकडच्या बहुतेक गाड्या. यांची काच पीयूने (पॉलियुरेथेन या गोंदाने) चिकटवलेली असते आणि ती बॉडीच्या मजबुतीचा भाग असते. पुढे बसलेल्या प्रवाशाची एअरबॅग बऱ्याच गाड्यांत काचेवर टेकूनच फुगते, चिकटवण कच्ची असेल तर ती काचच बाहेर ढकलते. हे काम शिकाऊ हाताने करू नये, तिथे मजुरी द्या. मात्र समोर उभं राहून बघा. जुनं पीयू पत्र्यापर्यंत न खरवडता एक-दोन मिलिमीटर ठेवलंय ना, काचेला प्रायमर लावला ना, पीयूच्या नळीवरची मुदत उलटलेली नाही ना. गाडी कधी हलवायची तो वेळ त्याच नळीसोबत दिलेला असतो. तोवर एक खिडकी थोडी उघडी ठेवा. सगळ्या बंद असताना दार आपटलं की आतल्या हवेचा दाब ताज्या पीयूवर येतो.

ज्यांचा पूर्ण विमा आहे त्यांनी आधी पॉलिसी काढून वाचावी. काचेवर घसारा कापत नाहीत, रबरावर ५० टक्के कापतात, आणि १५०० सीसीपर्यंतच्या कारला स्वतःच्या खिशातून सक्तीचे १००० रुपये जातात. पण दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असेल आणि गाडी छोटी असेल तर हिशेब मांडूनच दावा करा.

फास्टॅग जुन्या काचेवरून सोलला की निकामी होतो, तो नव्या काचेवर चिकटवून चालत नाही. बँकेकडून बदली टॅग मागवा, आणि एचएसआरपीचा (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा) काचेवरचा रंगीत स्टिकर असेल तर त्याचीही मागणी त्याच वेळी नोंदवून टाका.