कमोड सारखा तुंबतोय? आधी अडकलंय कुठे ते बघा

ताई, तळमजल्याचा कमोड सारखा तुंबतो, प्लंबर स्प्रिंग मारून जातो, चार दिवस बरं आणि परत तेच, रो-हाउस आहे, सेप्टिक टँक आहे, आणि पावसाळ्यात जास्त होतं असं तुम्ही म्हणताय. यातलं ते पावसाळ्याचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय. त्यावर येतोच, पण आधी बादलीची टेस्ट करा, म्हणजे उगाच कोणी भांडं काढायला लावणार नाही.

भांड्यातलं पाणी नेहमीच्या लेव्हलला असताना एक बादली पाणी एका दमात ओता. सपकन गेलं तर लाइन मोकळी आहे, दोष फ्लशचा. फ्लशच्या टँकमधला पाण्यावर तरंगणारा बॉल खाली सेट असतो, नाहीतर घरातले सगळे सगळ्याला छोटंच बटण दाबतात (ते साधारण ३ लिटरचं, मोठं ६ चं), आणि बोअरचं खारं पाणी असेल तर रिमखालची भोकं क्षार साचून बुजतात.

पाणी वर चढून हळूहळू उतरलं तर अडथळा आहे. मग घराबाहेरचं पहिलं चेंबर उघडा आणि आत कोणालातरी फ्लश करायला सांगा. चेंबरमध्ये पाणी येतच नसेल किंवा नुसतं झिरपत असेल तर भांड्याच्या ट्रॅपमध्ये (म्हणजे खालच्या वाकड्या वळणात) किंवा मधल्या पाइपात काहीतरी बसलंय, वेट वाइप, पॅड, फ्रेशनरची प्लास्टिकची जाळी असलं काहीतरी. वाइप पाण्यात विरघळत नाहीत हो, पाकिटावर काहीही लिहू दे. स्प्रिंग त्यात नुसतं भोक पाडते, तेवढ्यातून पाणी जातं, कागद अडकला की परत बंद. म्हणून चार दिवस बरं वाटतं. ती वस्तू ओढून बाहेरच काढायला लागते. उतारही तपासून घ्या, ४ इंची पाइपाला १० फुटाला साधारण ३ इंच हवा.

आणि चेंबर तुडुंब भरलेलं असेल तर भांड्याचा काही दोष नाही, खरं दुखणं पुढे आहे. मला तुमच्याकडे हेच वाटतंय. काळी माती असेल तर पावसात शोषखड्डा (सेप्टिक टँकमधून निघालेलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) पाणी घेतच नाही, टँकची लेव्हल चढते आणि पाणी मागे घरापर्यंत येतं. अशा वेळी टँक उपसून घेतला तरी थोड्याच दिवसांत परत भरतो, कारण पाण्याला जायला जागाच नाही. आधी गच्चीच्या पावसाळी पाण्याचा पाइप त्याच चेंबरला जोडलाय का बघा, रो-हाउसमध्ये हा उद्योग करून ठेवलेला असतो. असेल तर तो वेगळा काढा, मग शोषखड्डा नीट करा, आणि रस्त्यावर ड्रेनेज लाइन आली असेल तर रीतसर परवानगी काढून कनेक्शनच घ्या. गाळ तसाही २-३ वर्षांनी काढायचाच असतो, पण सक्शनच्या गाडीनेच. माणूस आत उतरवायचा नाही, २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि आतल्या गॅसने माणसं मरतात.

ॲसिडने क्षार निघतो, वाइप किंवा पॅड नाही, आणि जास्त ओतलं तर टँकमधले जिवाणू मरतात ते वेगळंच. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर अजिबात टाकू नका, क्लोरीन गॅस होतो. आधीच काही ओतलं असेल तर प्लंबरला आल्याआल्या सांगा, तो त्यात हात घालणार असतो.