घासलेल्या स्की आणि घरची मुदत ठेव

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 39, हिंजवडीत नोकरी, बायको शाळेत शिक्षिका, मुलगी चौथीत. काही वर्षांपूर्वी गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स करताना गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्ग गावातल्या एका प्रशिक्षकाशी मैत्री झाली. 2022 मध्ये दोघांनी साडेतीन-साडेतीन लाख घालून एक जुनी स्नोमोबाइल घेतली, म्हणजे पुढे चाकांऐवजी दोन स्की असलेली, बर्फावर चालणारी मोटरगाडी. मित्र पर्यटकांना मागे बसवून ती चालवतो, पेट्रोल-दुरुस्ती वजा जाता उरलेलं निम्मं-निम्मं. तीन हंगामांत वाचकाच्या वाट्याला 92,000, 31,000 आणि 78,000 रुपये आले. आता मित्र म्हणतो, पुढच्या दोन्ही स्की गेल्या, बर्फ पडायच्या आत नव्या हव्यात. त्याची पसंती खोल बर्फासाठीच्या रुंद स्कीला आहे. घरपोच अंदाजे 72,000, फिटिंग धरून 80,000. मूळ कंपनीची जोडी 84,000, तंगमर्गलाच सुटे भाग काढलेल्या तशाच गाडीची वापरलेली जोडी 22,000, आणि नुसते रनर, म्हणजे स्कीच्या खालच्या झिजणाऱ्या दांड्या, बदलले तर 14,000. पैसे सगळे तुम्ही घाला, हंगामात फेडू, असं त्याचं म्हणणं. वाचकाचा प्रश्न: तीन लाखांची मुदत ठेव मोडू, अॅपवर मंजूर दिसतंय ते 14 टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज घेऊ, की मुलीच्या शिक्षणाची महिन्याला दहा हजारांची एसआयपी आठ महिने थांबवू?

नमस्कार. तुमचा प्रश्न पैसे कुठून आणायचे हा आहे. मी आधी ऐंशी हजारच का, हे विचारणार आहे. म्हणूनच उत्तर देण्याआधी तुमच्याकडून स्कीचे फोटो मागवले, आणि कॅनडातल्या ओंटारियोत राहणाऱ्या माझ्या मामेभावाला दाखवले. तो दर हिवाळ्यात स्वतःची स्नोमोबाइल चालवतो. फोटो पाहून आम्ही तासभर बोललो.

स्कीच्या पोटाखाली बोटीसारखा लांबट उंचवटा असतो, त्याला कील म्हणतात. कीलच्या खाली लोखंडी दांडी बोल्टने बसवलेली असते आणि तिच्या धारेवर कार्बाइडचे कठीण तुकडे असतात. हा रनर. हँडल वळवल्यावर कडक बर्फात रुततो तो हाच. गाडी दगडावरून, मुरमावरून, डांबरावरून गेली की तो झपाट्याने झिजतो. झिजणं हेच त्याचं काम, स्कूटरच्या ब्रेकशूसारखं. तुमच्या दुसऱ्या फोटोत उजव्या स्कीचा रनर घासून सपाट झालाय, पण वरचं प्लास्टिक धड आहे, कीलची खोलीही शाबूत आहे. ती स्की गेलेली नाही, तिचा रनर गेलाय. चौथ्या फोटोतली डावी मात्र खरोखर गेली आहे. रनर संपल्यावरही ती चालवली गेली, त्यामुळे कील बोल्टच्या खोबणीपर्यंत खाल्ली गेलीय, आणि स्की ज्या भोकातून गाडीच्या पायाला जोडतात तिथून बोटभर लांबीची चीर पुढे निघाली आहे. मागच्या सीटवर कुणाचं तरी लेकरू बसणार आहे. ती चीर घेऊन गाडी एक फेरीसुद्धा मारता कामा नये, यात पैशांचा विचारच नको. एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला वेगळी जुनी स्की लावली तर गाडी एका अंगाला ओढते, म्हणून घ्यायची ती जोडीच.

आता रुंद स्कीबद्दल. ताज्या, भुसभुशीत बर्फात रुंद स्की वर तरंगते, गाडीचं नाक बुडत नाही. ज्यांना डोंगरात, कुणी न तुडवलेल्या बर्फात जायचंय त्यांना ती हवीच. पण तुमच्या पत्रात मित्राचाच हिशेब आहे: गेल्या हंगामात 420 फेऱ्या, जवळपास सगळ्या पर्यटकांना मागे बसवून, ठरलेल्या वाटेवर. ती वाट दिवसभर दाबली जाते, सकाळी काचेसारखी कडक असते, आणि पुढच्या गाड्यांनी पाडलेल्या चरी तिच्यात असतात. तिथे रुंदीचा फायदा फारसा नाही, उलट वळवताना हँडल जड जातं. लागतो तो धारदार रनर आणि नीट खोल कील. मित्राला वरच्या उतारांवर जायची हौस आहे हे मी समजू शकतो, पण गिऱ्हाईक तिथे नाही. हौसेचे पैसे हौस म्हणून वेगळे काढावेत, धंद्याच्या खात्यात घालू नयेत.

शिवाय 72,000 हा आकडा पक्का नाही. कुरिअर कंपन्या खऱ्या वजनापेक्षा आकारमानाचं वजन जास्त भरलं तर त्यावर पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5,000 ने भागायचं. तुम्ही पाठवलेली खोक्याची मापं 112, 32 आणि 22 आहेत. म्हणजे सुमारे 15.8 किलो, जोडीचं खरं वजन 11 किलो असलं तरी. आणि आयात शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, भाडं आणि विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर लागतं, वर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. त्या स्कीला तुमच्या मॉडेलचा जोडणी संच वेगळा लागतो, तो मित्राच्या अंदाजात आहे का हे तुम्हालाही माहीत नाही. परदेशी माल ‘घरपोच अंदाजे’ या दोन शब्दांवर मागवू नका.

माझं मत तंगमर्गच्या वापरलेल्या जोडीकडे झुकतं. जोडी तुमच्याच मॉडेलची आहे, म्हणजे जोडणीचा प्रश्न नाही. 22,000 ची स्की आणि 14,000 चे नवे रनर मिळून 36,000. अट एकच, पैसे देण्याआधी मित्राने ती फरशीवर ठेवून पाहावी: डुलते का, जोडणीचं भोक गोल आहे की ताणून लंबगोल झालंय, उन्हाने प्लास्टिक पांढरट पडून केसासारख्या चिरा गेल्यात का. यातलं एकही आढळलं तर ती जोडी सोडायची आणि मधल्या रुंदीच्या साध्या नव्या जोडीचं लेखी कोटेशन मागवायचं. कंपनीची 84,000 ची जोडी वाईट नाही, पण गेल्या हंगामात दोघांत मिळून 1,56,000 वाटले गेले. त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम एका सुट्या भागात घालावी इतकी ही गाडी आता तरुण नाही.

36,000 तले तुमचे 18,000. उरलेले मित्राचे. त्याच्याकडे आत्ता नसतील तर पहिल्या महिन्याच्या कमाईतून आधी तुमचे वळते करायचे आणि मग वाटणी, पण हे आधी लिहून घ्यायचं. तुमच्या पत्रावरून घरखर्च आणि हप्ते जाऊन महिन्याला नऊ हजार शिल्लक पडतात. दोन महिन्यांची शिल्लक, एवढाच हा खर्च. मुदत ठेवीला हात लावायचं कारण नाही. महिन्याचा खर्च 62,000, म्हणजे ती ठेव आज पावणेपाच महिन्यांचा आधार आहे. ऐंशी हजार काढले तर तो साडेतीन महिन्यांवर येतो, आणि आयटीतली नोकरी गेल्यावर साडेतीन महिन्यांत दुसरी मिळेल असं सध्या मी कुणालाच सांगणार नाही. कर्जाचं म्हणाल, तर 80,000 चे 14 टक्क्यांनी दोन वर्षांचे हप्ते सुमारे 3,840 रुपयांचे, व्याज बारा हजारांच्या वर, प्रोसेसिंग फी वेगळी. बर्फ पडो न पडो, हप्ता दर महिन्याला कापला जाणार. एसआयपीबद्दल तर बोलूच नका. मुलीच्या नावाने ठरवलेले पैसे दुसऱ्याच्या गाडीखाली घालायचे नाहीत.

‘बर्फ पडो न पडो’ हे उगाच म्हटलं नाही. 31,000 चा हंगाम आठवा. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचं मैदान कोरडं होतं, ऐन हंगामात बर्फ नाही. एप्रिल 2025 मधल्या पहलगामच्या हल्ल्याने पुण्यातल्या घरांवरही घाला घातला, आणि त्यानंतर काश्मीरच्या किती सहली रद्द झाल्या हे आपण इथे बसून पाहिलं. तुमच्या मित्राची यात काडीची चूक नाही. पण ज्या धंद्याचं वर्ष असं कोरडं जाऊ शकतं, त्याला ठरलेल्या तारखेचा हप्ता बांधणं तुम्हाला परवडणारं नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. साडेतीन लाखांतले 2,01,000 परत आले. तुमच्या मते गाडी आज चार लाखांना जाईल, म्हणजे तुमचा वाटा दोन लाख. बेरीज चार लाखांच्या आसपास. तेच पैसे 7 टक्क्यांच्या ठेवीत तीन वर्षं राहिले असते तर करापूर्वी सुमारे 4,29,000 झाले असते. तुम्हाला पैसे मधून मधून मिळत गेले, ते धरलं तरी जेमतेम ठेवीची बरोबरी होते, आणि जोखीम कितीतरी जास्त. म्हणून ही गाडी चालू ठेवायला माझी हरकत नाही, तिच्यात नवा मोठा पैसा घालायला आहे. या हंगामापासून दर फेरीमागे 60 रुपये वाटणीआधी बाजूला काढा. 420 फेऱ्यांचे 25,200 होतात. त्यात दरवर्षीचे रनर निघतात आणि पुढच्या स्कीसाठी दहा-अकरा हजार साठतात. हे साठ रुपये पहिल्या वर्षापासून काढले असते तर डाव्या स्कीचा रनर वेळेत बदलला गेला असता, आणि कदाचित ती स्की आज धड असती.

अजून एक गोष्ट. तुमच्यात काही लेखी नाही, सगळं शब्दावर आहे. मैत्रीवर मी शंका घेत नाही. पण दोघांनी मिळून धंदा करायचा आणि नफा वाटून घ्यायचा, याला कायदा भागीदारी मानू शकतो, कागद असो वा नसो. आणि भागीदारी कायदा 1932 नुसार धंद्याची देणी प्रत्येक भागीदारावर पूर्णपणे येतात. एखादा पर्यटक गाडीवरून पडून जायबंदी झाला तर दावा तुमच्या सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटपर्यंत पोचू शकतो. गाडी कुणाच्या नावावर आहे, परवाना कुणाचा, पर्यटकाच्या इजेचा विमा आहे का, हे तिन्ही मला कळवा. वकिलाकडून कागद करून घ्या, त्यासाठी किती रकमेचा स्टॅम्प लागेल हेही त्यालाच विचारा. वाटणीचे पैसे विवरणपत्रात दाखवले नसतील तर तेही तुमच्या सीएला आत्ताच सांगा.

आज संध्याकाळी मित्राला फोन करा, आणि पैशांचा विषय काढायच्या आधी त्या वापरलेल्या जोडीच्या भोकाचा जवळून काढलेला फोटो मागा. तो आला की मला पाठवा, मामेभाऊ वाट पाहतोय.